टपालाचा काटा

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. ज्या वस्तू एके काळी घरोघर होत्या, ज्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नाही आणि एके दिवशी ज्या निमूटपणे माळ्यावर जाऊन बसल्या, त्यांची विचारपूस करायची, हा आपला धंदा. अडकित्ते झाले, पानाचे डबे झाले, दौती आणि टाक झाले. एरवी दीड पानात आटोपते घ्यावे लागते. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून या खेपेला दूरदेशीची पण मला फार जिव्हाळ्याची वस्तू काढली आहे. ती म्हणजे पत्रांचे वजन करण्याचा जर्मन काटा.

“म्हणजे टपाल कचेरीत असतो तो?” असे माझ्या एका मित्राने विचारले. तो नव्हे. हा घरातला. लिहिण्याच्या मेजावर दौतीशेजारी बसणारा. वीतभर उंची, बिडाची जड बैठक, तिच्यावर एक बारीक खांब आणि खांबाच्या डोक्यावर तळहाताएवढे पारडे. पारड्यात पत्र ठेवले की एका बाजूचा लोलक अलगद वर उचलला जातो आणि कमानीवर कोरलेल्या आकड्यांपाशी सुई जाऊन थांबते. सुटी वजने नाहीत, ती हरवण्याची भीती नाही, दुसऱ्या पारड्यात काही टाकायला नको. पत्र ठेवा, आकडा वाचा, तिकीट चिकटवा.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी हॅम्बुर्गला काढली. तिथे रविवारी सकाळी जुना बाजार भरतो. त्याला जर्मन लोक ‘फ्लोमार्क्ट’ म्हणतात, म्हणजे चक्क पिसवांचा बाजार! आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात फिरण्याची सवय पायांना होतीच. तिथे दर चार दुकानांमागे एखादा टपालकाटा दिसे. पहिला घेतला तो निव्वळ सुबक दिसला म्हणून. पुढे या काट्यांचा संग्रह करणारी आणि त्यावर तासन् तास वाद घालणारी मंडळी भेटली. आता माझ्यापाशी नऊ काटे आहेत. घरच्यांच्या मते ते आठ जास्त आहेत.

या मंडळींच्या संगतीत एक गोष्ट पक्की कळली. वाण्याच्या तराजूला सगळी वजने सारखी. टपालाच्या काट्याला मात्र जन्मभर एकच प्रश्न विचारलेला असतो : पत्र रेषेच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर एक तिकीट, बाहेर गेले तर दोन. आणि ही रेषा कारागिराने आखलेली नसते. ती सरकारने आखलेली असते. म्हणूनच ती रेषा कुठे आहे ते नीट पाहिले, तर काटा कधीचा, कोणासाठी केलेला, आणि कधी कधी त्याने काय काय पाहिले, हेही कळते.

आता मुळात पत्राचे वजन करायचेच कशाला? कारण ही पद्धत फारशी जुनी नाही. १८४० च्या आधी इंग्लंडात पत्राचे हशील ठरे ते कागद किती आणि अंतर किती यावर. एक ताव असेल तर एक दर, दोन ताव असतील तर दुप्पट. पाकीट वापरले तर तोही एक ताव धरला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने १८३७ साली पुस्तिका लिहून सांगितले की, अंतराचा आणि तावांचा हिशेब सोडा, वजनावर एकच स्वस्त दर ठेवा. १० जानेवारी १८४० पासून इंग्लंडात अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जगातले पहिले चिकटवायचे तिकीट निघाले. त्या दिवसापासून कारकून, व्यापारी, प्रेमात पडलेली मुले आणि परगावी मुलगी दिलेल्या आया या सगळ्यांनाच एक नवी काळजी लागली : आपले पत्र अर्ध्या औंसात बसते ना?

आपल्याकडे १८५४ साली हिंदुस्थानभर एकच दर झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. पण आपल्या लोकांना काटा विकत घेण्याची गरजच नव्हती. कंपनी सरकारचा चांदीचा रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. तेव्हा चांदीची पावली म्हणजे बरोबर पाव तोळा! सोनाराच्या ताजव्यात एकीकडे पावली आणि दुसरीकडे पत्र टाकले की निकाल लागला. खिशातले नाणे हेच आपले टपालाचे वजन होते.

जर्मनीत ही सोय नव्हती, कारण तेव्हा एक जर्मनीच नव्हती. पस्तीस-चाळीस संस्थाने, प्रत्येकाचे नाणे वेगळे, माप वेगळे. १८५० साली जर्मन आणि ऑस्ट्रियन संस्थानांनी मिळून टपालसंघ केला आणि साध्या पत्राचे वजन ‘लोट’ या मापात ठरवले. प्रशियात १८५८ पासून पाचशे ग्रॅमच्या पौंडाचे तीस लोट धरू लागले, म्हणजे एक लोट सुमारे पावणेसतरा ग्रॅम. पुढे १८७१ साली साम्राज्य एक झाले आणि १ जानेवारी १८७२ पासून देशभर मेट्रिक मापे सक्तीची झाली. साध्या पत्राची हद्द झाली १५ ग्रॅम. त्यापुढे २५० ग्रॅमपर्यंत दुप्पट दर. १ एप्रिल १९०० ला ही हद्द १५ ची २० ग्रॅम केली.

वाचकांनी हे तीन टप्पे तेवढे लक्षात ठेवावेत. काट्यावर ‘लोट’ लिहिलेले असेल तर तो १८७२ च्या आधीचा किंवा फार तर त्या सुमाराचा. अशा काट्याला संग्राहक डोळ्यांत तेल घालून शोधतात. १५ ची रेघ लांब आणि ठळक असेल तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या उंबरठ्याअलीकडचा. २० ची रेघ ठळक असेल तर १९०० नंतरचा. यात एक खुबी आहे. परदेशी पत्रांची हद्द १५ वरून २० ग्रॅम व्हायला आणखी काही वर्षे लागली. १८७४ साली बर्न शहरी बावीस देशांनी करार करून जागतिक टपालसंघ स्थापला. त्यामागे जर्मन टपालखात्याचा मुख्य हाइनरिख फोन श्टेफान याची मोठी खटपट होती. हिंदुस्थान या संघात १८७६ साली शिरला. त्या संघाने परदेशी पत्रांना १५ ग्रॅमचा टप्पा ठेवला होता, तो रोमच्या परिषदेने वाढवून १९०७ पासून २० केला. तेव्हा १९०० ते १९०७ या सात वर्षांत व्यापाऱ्याच्या मेजावरच्या काट्याला दोन्ही रेघा लागत. बर्लिनच्या पत्राला २०, मुंबईच्या पत्राला १५. अशा दोन ठळक रेघांचा एक काटा माझ्याकडे आहे. नवात तोच मला सर्वांत हुशार वाटतो.

काटा चालतो कसा, हेही दोन शब्दांत सांगतो, कारण मुले विचारतात. एका तरफेच्या एका टोकाला पारडे आणि दुसऱ्या टोकाला पक्का बसवलेला भार असतो. पत्र जितके जड, तितका तो भार बाजूला आणि वर उचलला जातो. जितका तो बाजूला सरकतो तितका त्याचा जोर वाढतो, आणि जिथे दोन्ही जोर सारखे होतात तिथे सुई थांबते. पारडे वर असूनही ते कलंडत नाही, कारण त्याच्या खाली आणखी एक दांडी जोडून समांतरभुज चौकोन केलेला असतो. तो झुकतो, पण पारडे सपाटच राहते.

कमानीवरच्या रेघा पाहा. बहुतेक काट्यांवर त्या सारख्या अंतरावर नसतात. सुरुवातीला ऐसपैस, पुढे पुढे दाटीवाटीने. मुलांना वाटते कारागिराचा हात चुकला. तसे नाही. भार जसजसा वर जातो तसतसे त्याला आणखी हलवायला जास्त वजन लागते, म्हणून रेघा जवळ येतात. यात टपालाचा फायदाच आहे. जिथे एकेका ग्रॅमचा वाद, त्या पंधरा-विसाच्या आसपास रेघा मोकळ्या. दोनशे ग्रॅमपाशी एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोणाला पर्वा?

या कललेल्या भाराच्या तराजूचे गणित योहान हाइनरिख लांबर्ट याने १८५८ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७५८ साली, मांडले. पण तो घरोघरी पोचवण्याजोगा करणारा माणूस एक पाद्री होता. फिलिप माथेउस हान हा १७६४ ते १७७० या काळात दक्षिण जर्मनीतल्या ओन्स्टमेटिंगेन या खेड्यात धर्मोपदेशक होता. रविवारी प्रवचन आणि उरलेल्या दिवशी घड्याळे, हिशेबाची यंत्रे आणि तराजू! त्याच्या नादाने त्या भागात बारीक तराजूंचा धंदाच उभा राहिला. जवळच्या बालिंगेन गावात १८६६ साली निघालेला बिझेर्बा हा तराजूंचा कारखाना आज जगभर माहीत आहे. कोरडवाहू डोंगराळ मुलूख, शेती बेताची, लांब थंडी. आपल्या कोकणातल्या माणसाने मुंबईची वाट धरली, तिथल्या माणसाने कानस हाती धरली.

आता ओळख पटवण्याकडे वळू. बाजारात काटा हाती आला की आधी तो उलटा करावा. विक्रेता पारड्याची चकाकी दाखवत असतो, आपण बुडाकडे पाहावे. जुन्याची बैठक बिडाची, तिला काळा किंवा हिरवा रंग, क्वचित पानाफुलांची नक्षी. खांब पितळेचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला. पुढे विसाव्या शतकात पत्रा आला, मग बॅकेलाइट आणि शेवटी प्लॅस्टिक. तीन पायांपैकी एका पायाला बहुधा मळसूत्र असते. तो पाय फिरवून रिकाम्या काट्याची सुई शून्यावर आणायची. हे मळसूत्र गंजून बसले असेल तर काटा कितीही देखणा असो, खरे बोलणार नाही.

मग अक्षरे वाचावीत. इथे गमती होतात. एका विक्रेत्याने मला मोठ्या आदराने सांगितले, “हा गेस गेश कंपनीचा. फार नामांकित घराणे.” त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की, ‘कायद्याने संरक्षित’! ‘गेझेट्सलिश गेश्युट्स्ट’ या दोन शब्दांचे ते तुकडे. घराण्याचा मूळपुरुष शोधायला गेलो तर सरकारी वकील भेटायचा.

‘डी. आर. पी.’ म्हणजे साम्राज्याचे पेटंट. जर्मनीत एकच पेटंटचा कायदा आला १८७७ साली, म्हणून ही अक्षरे त्याआधी असूच शकत नाहीत. ‘डी. आर. जी. एम.’ म्हणजे लहानसहान सुधारणांसाठी दिलेली हलक्या दर्जाची नोंदणी. ती १८९१ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागली. तिची मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी तीन वर्षे वाढवून मिळे. तेव्हा त्या अक्षरांपुढे आकडा कोरलेला असेल तर तो टिपून घ्यावा. नोंदणीच्या जुन्या याद्यांत तो सापडला की वर्ष हाती लागते, आणि काटा त्याच्या आधीचा नाही एवढे निश्चित होते. ‘डी. बी. पी.’ असेल तर मधल्या ‘बी’कडे पाहावे. तो १९४९ साली झालेल्या पश्चिम जर्मनीच्या संघराज्याचा. ‘यू. एस. झोन’ असे लिहिलेले असेल तर महायुद्ध संपल्यानंतरची ती तीन-चार पडीक वर्षे समोर उभी राहतात. दोस्तांनी देश वाटून घेतला आहे, शहरांत विटांचे ढीग आहेत, आणि कुठल्याशा कारखान्यात कोणीतरी पुन्हा पत्रांचे काटे करायला बसले आहे. लोकांना आधी कशाची गरज भासली, ते पाहा.

आणि ‘मेड इन जर्मनी’? ही तर इंग्रजांची देणगी. १८८७ साली इंग्लंडने कायदा केला की, परदेशी मालावर देशाचे नाव छापलेच पाहिजे. हेतू हा की, गिऱ्हाइकाने स्वस्त जर्मन माल ओळखावा आणि टाळावा. गिऱ्हाइकाने ओळखला आणि मागून घेतला! तेव्हा ही इंग्रजी अक्षरे आणि ग्रॅमबरोबर औंसाचे आकडे असलेला काटा दिसला, की तो बाहेरदेशी पाठवण्यासाठी केलेला आहे असे समजावे.

घडणीचे प्रकार अनेक. एका बाजूला एकच लोलक असलेला साधा काटा सर्वांत जास्त दिसतो. त्यातल्या काहींचा भार बोटाने उलटवता येतो. एका स्थितीत ५० ग्रॅमपर्यंत बारीक मोजणी, दुसऱ्या स्थितीत २५० पर्यंत किंवा त्याहून पुढे. दुसरा प्रकार ‘बिलाटेराल’, म्हणजे दुपाखी. मधल्या खांबाच्या दोन्ही अंगांना दोन लोलक. पत्र ठेवले की पक्ष्याने पंख उघडावेत तसे दोन्ही बाजूंना उघडतात. यांतल्या अनेकांवर हॅम्बुर्गच्या माऊल या कारखान्याचे नाव आढळते. या नावाची कंपनी आजही जर्मनीत ओडेनवाल्ड भागात आहे आणि कचेरीचे सामान करते. तिसरा प्रकार बोटात धरून लोंबता ठेवायचा, खिशात मावणारा. खाली चिमटा, त्यात पत्र अडकवायचे. याच्या तबकडीवर पुष्कळदा कुठल्या तरी पेढीची जाहिरात असते, कारण व्यापारी नववर्षाला ते भेट देत. आपल्याकडे दिनदर्शिका देतात तसे.

काटा खरा की जोडजमाव, हे कळायला अनुभव लागतो. एकाचे पारडे, दुसऱ्याचा खांब, तिसऱ्याची तबकडी असे लग्न लावून दिलेले काटे बाजारात असतात. यावर सोपी परीक्षा आहे. मूळ कारखान्यात पारड्याच्या वजनाला जुळवूनच भार बसवलेला असतो. पारडे बदलले की सुई शून्यावर येत नाही, किंवा शून्यावर आणली तरी पुढे खोटे बोलते. म्हणून मी खिशात नाणी ठेवतो. एक युरोचे नाणे साडेसात ग्रॅमचे. दोन ठेवली की बरोबर १५. जुन्या पश्चिम जर्मनीचे दहा फेनिगचे नाणे चार ग्रॅमचे. पाच ठेवली की बरोबर २०. दोन्ही ठळक रेघांवर सुई बिनचूक थांबली की काटा अव्वल. बाजारातले विक्रेते आधी माझ्याकडे संशयाने पाहत. पुढे पुढे त्यांतले दोघेतिघे तीच नाणी बाळगू लागले.

घरी या काट्यांना दिवाळीत मान मिळतो. केशर, वेलदोडे, जायपत्री यांचे वजन करायला याच्यासारखे साधन नाही. “एवढ्या नऊ काट्यांतून निदान एक तरी संसाराच्या कामी आला,” असे सौभाग्यवती दर वर्षी म्हणतात. मी मान डोलावतो आणि दहावा कुठे ठेवता येईल याचा विचार करतो.

पण या छंदातला सर्वांत नाजूक प्रश्न ओळखीचा नाही, पुसण्याचा आहे. पितळ काळवंडले की आपला हात आपोआप चिंचेकडे जातो. तिथले विक्रेतेही काटा आरशासारखा घासून ठेवतात, मग किंमत जास्त येते. यावर माझे मत ठाम आहे, आणि ते ज्या काट्यामुळे झाले तो माझ्या नवांतला सर्वांत साधा आहे.

हा काटा मला हॅम्बुर्गच्या माझ्या घरमालकीणबाईंनी दिला. मी तिथे राहायला गेलो तेव्हाच त्या सत्तरी ओलांडलेल्या. काटा पत्र्याचा, १९३० च्या आसपासचा, रंग उडालेला. संग्राहकाने हातात घेऊन परत ठेवावा असा. छापील आकड्यांत २० ची रेघ ठळक, म्हणजे सगळे रीतसर. पण १० च्या बारीक रेघेवर लाल शाईने कोणीतरी हाताने जाड रेघ ओढलेली होती. शाई थोडी ओघळलेली. टपालाच्या कुठल्याच दरपत्रकात घरगुती पत्राला १० ग्रॅमची हद्द मी पाहिली नव्हती. मी विचारले, “ही रेघ कशाची?”

“ती आईची,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात नसेल.”

गोष्ट अशी. जर्मन टपालात लढाईवरच्या शिपायांची पत्रे फुकट जात. पहिल्या महायुद्धात ५० ग्रॅमपर्यंतचे पत्र बिनतिकिटाचे होते. त्या आतबट्ट्यात आया तंबाखू आणि मोजे बसवत. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजा रशियात खोल घुसल्या आणि पत्रांना महिना महिना लागू लागला, तेव्हा एप्रिल १९४२ मध्ये विमानाने पत्रे नेण्याची सोय केली. त्यासाठी निळे तिकीट होते. ते विकत मिळत नसे. दर शिपायाला महिन्याला चार तिकिटे मिळत, त्यांतली काही तो घरी पाठवी, म्हणजे घरच्यांना उत्तर धाडता येई. आणि विमानाच्या पत्राची हद्द होती १० ग्रॅम.

बाईंचा थोरला भाऊ तिकडे होता. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. आई पातळ कागद शोधून आणी, दोन्ही बाजूंनी लिही, मग पाकीट बंद करण्याआधी काट्यावर ठेवी. सुई लाल रेघेच्या वर गेली की ती पत्र बाहेर काढून कात्रीने समास कापी. “कागदाचा समास कापायची. शब्द कापायची नाही,” बाई म्हणाल्या. एकदा धाकट्या बहिणीने काढलेले चित्र पत्रात घातले होते, ते दोन ग्रॅमनी जास्त झाले. आईने चित्र ठेवले आणि पाकिटाची झडप कापली.

भाऊ परत आला नाही. १९४३ च्या जानेवारीत पत्रे थांबली. काटा मेजावरच राहिला.

मी ही हकीकत ऐकली आणि माझ्या मनात दुसरेही येऊन गेले. त्याच शहरात, त्याच वर्षांत, दुसरी काही मेजे रिकामी झाली होती. १९३८ च्या डिसेंबरपासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले, बहुतेक ज्यू, आईबापांना सोडून आगगाडीने इंग्लंडला पाठवली गेली. सुरुवातीला या घरांतही रात्री मेजावर काटा निघत असेल, परदेशी पत्र २० ग्रॅमच्या आत बसवण्याची तीच धडपड. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि शत्रुदेशाशी टपाल बंद झाले. रेडक्रॉसच्या छापील कागदावर फार तर २५ शब्द धाडता येत. ग्रॅमची मोजणी संपली, शब्दांची सुरू झाली. आणि १९४१ पासून त्या आईबापांना पूर्वेकडे हद्दपार केले, तेव्हा त्यांचे घरसामान सरकारने जप्त केले आणि जाहीर लिलावात विकले. हॅम्बुर्गात तर हॉलंड आणि इतर देशांतल्या ज्यू घरांचे सामानही जहाजे भरभरून आले आणि विकले गेले. पलंग, कपाटे, पडदे, ताटे. मेजावरचे किरकोळ सामान कोणत्या लिलावात गेले याची नोंद काट्यावर कोण ठेवणार?

तेव्हापासून जुन्या बाजारात काटा उचलला की मी पहिला प्रश्न वेगळा विचारतो. सालाआधी मी विचारतो, “हा कोणाच्या घरचा?” बहुतेक वेळा विक्रेता खांदे उडवतो. कधी म्हणतो, “आजोबांचा,” आणि आजोबांबद्दल बोलू लागतो. ते मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून काट्याच्या बुडाला चिकटवतो. बुडाशी आधीपासून एखादे नाव, पत्ता, लिलावाचा आकडा असेल तर त्याला हात लावत नाही. कधी कोणी शोधत आले तर तेवढाच धागा असतो. पितळ मऊ फडक्याने पुसतो, त्यापुढे नाही. घासून घासून काटा नवा करता येतो, पण नव्या काट्याचे करायचे काय? लाल शाईची ती रेघ स्पिरिटच्या एका बोळ्याने निघाली असती आणि काट्याची किंमत बाजारात थोडी वाढली असती. मग तो साल सांगणारा एक पत्र्याचा तुकडा उरला असता.

वाटेल ते बदलले तरी काट्यावरची रेघ सरकारला सहसा बदलवत नाही, हीही एक मौज आहे. १९२३ साली जर्मनीत पैशाचा पाचोळा झाला. १ नोव्हेंबरला साधे पत्र पाठवायला दहा कोटी मार्क लागत होते, १ डिसेंबरला शंभर अब्ज! टपालखात्याला तिकिटांवर नवे आकडे छापायला वेळ पुरत नव्हता. पण वजनाची हद्द? तीच २० ग्रॅम. मेजावरचा काटा बदलावा लागला नाही. कैसर गेला, हिटलर आला आणि गेला, देशाचे दोन तुकडे झाले आणि १९९० साली पुन्हा एक झाला, मार्क जाऊन युरो आला. २०२५ च्या जानेवारीपासून जर्मनीत साध्या पत्राला ९५ सेंट पडतात, आणि साधे पत्र म्हणजे अजूनही २० ग्रॅमपर्यंतचेच. १९०० साली केलेला काटा आजही टपालखात्याशी हुज्जत घालू शकतो आणि जिंकू शकतो.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाचे, पुतणे आता जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहेत. त्यांना सुटीत येताना काय आणू असे विचारायची सवय असते. चॉकलेटे इथेही मिळतात. एखादा टपालकाटा आणायला सांगा. बिडाच्या बैठकीचा आणला तर सामानाच्या वजनात भरेल, तेव्हा खिशातला लोंबता आणायला सांगा. बुडाची अक्षरे वाचा, १५ की २० ते पाहा, दोन युरो ठेवून त्याची साक्ष काढा. आणि विकणाऱ्याला तो कोणाच्या घरचा हे विचारायला मात्र विसरू नका म्हणावे.

काटा आला की मेजावर ठेवा आणि त्याच्यावर एक खरे पत्र तोला. आपल्याकडे पत्र जड झाले आणि तिकीट कमी पडले की ते नॉटपेड होऊन पलीकडच्याच्या माथी बसे, आणि पोस्टमन दारात उभा राहून दुप्पट पैसे मागे. तरी अशी पत्रे कोणी परत केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढल्या आठवड्यापासून पुन्हा दीड पान. तोवर कोणाच्या घरी चांदीच्या जुन्या पावल्या असतील त्यांनी त्या मोडीत घालू नयेत, एवढी विनंती.